चिठ्ठी लागलेला संगणक

वनिताने रद्दी काढायला घेतली आणि त्याच झपाट्यात माझा संगणकही काढायचं ठरवलं. मी एवढंच म्हणालो, "अगं, तो चालू आहे." गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालंच नसतं.

"चालू? अहो, वीस वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतेय मी!"

रोह्याच्या कंपनीत मी स्टोअरचा क्लार्क होतो. तिथे नवे संगणक आले तेव्हा हा जुना मी हौसेने आमच्या गावी, वरशाला, घरी आणला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. आता निवृत्त झाल्यावर कळलं, की सांगलीचे एक गृहस्थ अजून जुन्या पद्धतीचा बुलेटिन बोर्ड चालवतात. इंटरनेट घरोघरी यायच्या आधीची ही गंमत. आपल्या संगणकाने टेलिफोन लावायचा, तिकडचा संगणक उचलतो, मग त्याच्यावर निरोप वाचायचे, आपले लिहायचे. सोसायटीच्या फळ्यासारखंच, फक्त फळा सांगलीला.

"गणपती बसायच्या आत करून दाखवा," वनिता म्हणाली. "नाहीतर भंगारवाला. आणि 'जमलं बरं का' असं येऊन सांगायचं नाही. मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

याला तारेचा टेलिफोन लागतो. आमचा रस्त्याच्या कामात गेला तो गेलाच. तसा फोन उरलाय माझ्या मेव्हण्याकडे, पेणला. गोरखचा गणपतीचा कारखाना आहे आणि लांबची गिऱ्हाइकं अजून त्याच नंबरावर फोन करतात. शुक्रवारी सगळं धूड घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, एवढा जुना टीव्ही दुरुस्त करणारा पेणला हाय?" मी त्याला संगणक म्हणजे काय ते नागोठण्यापर्यंत समजावलं. तो "बरं" म्हणाला.

"भावोजी, सीझन हाय," गोरखने बजावलं. "माणसं जेवायला बसतात तेवढा एक तास फोन तुमचा. आणि ज्या मूर्तीला चिठ्ठी असंल तिला हात लावायचा नाय."

त्याच्याकडे मूर्ती ठरली की गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवतात. मग ती मूर्ती त्याचीच, प्रत्यक्ष गोरखसुद्धा ती दुसऱ्याला देऊ शकत नाही.

मोकळी फळी बघून मी संगणक मांडला, मॉडेमला फोनची तार जोडली, नंबर लावला. मॉडेमने अशी काही किंकाळी फोडली की रंगारी जनू जेवणावरून उठून ओरडला, "रंगाचा कॉम्प्रेसर फुटला!" पडद्यावर हिरवं अक्षर उमटतंय तोच आत घरात गोरखच्या बायकोने, नमितावहिनींनी, त्याच लाइनवरचा दुसरा फोन उचलला. "अहो, ह्यात कोण रडतंय?" झालं, लाइन तुटली.

शनिवारी सकाळी पाहतो तर संगणक पांढराशुभ्र.

"जनू! अरे, हे काय केलंस?"

"त्या फळीवरचा माल पांढऱ्या अस्तराचा असतो ना," जनू शांतपणे म्हणाला. "मला वाटलं कुनाच्या तरी देखाव्यातला हाय. दोन हात मारलेत, बघा."

(फळी मीच निवडली होती. त्यामुळे फार बोलता आलं नाही.) पडदा थिनरने पुसला, पण कीबोर्डवरची अक्षरं गडप झालेली. तीस वर्षं न बघता टाइप केल्याच्या बढाया मारल्या होत्या, आता करून दाखवायची वेळ आली. वहिनींना हात जोडून फोनपासून लांब बसवलं आणि एक वाजता नंबर लावला. किंकाळी, खरखर, आणि मग हिरव्या अक्षरांत स्वागत! नाव विचारलं. मी तिसऱ्या खेपेला माझं नाव बरोबर लिहिलं. मिरजेच्या कुणाचा तरी निरोप होता, जुना प्रिंटर हवाय म्हणून. तो वाचताना, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी खाली लिहिलं, 'उद्या एक वाजता बायकोला घेऊन येतो.'

आता रात्रीत जनूने तिसरा हात मारू नये म्हणून मी एक शक्कल लढवली. जमिनीवर एक चिठ्ठी पडली होती, ती नाव न बघताच संगणकाला चिकटवली आणि निर्धास्त वरशाला गेलो.

रविवारी वनिताला घेऊन पावणेएकला हजर. फळी रिकामी.

"गागोद्याच्या मंडळाचा टेम्पो आला होता सकाळी," गोरख म्हणाला. "त्यांची चिठ्ठी होती, भरून दिला. जनूने कडेला सोनेरी काठपण मारून दिला."

ती चिठ्ठी त्यांच्या मूर्तीच्या उंदराची होती. उंदरावरून गळून पडलेली. त्यामुळे संगणक गागोद्याला आणि उंदीर पेणमध्ये.

"फोन कर, परत मागव!"

"चिठ्ठी लावून गेलेला माल परत मागवायचा? आज्यापासून असं झालं नाय, भावोजी. विसर्जन होऊ द्या, मग बघू. वनू, सांग गो ह्यांना."

"चिठ्ठी कोणी लावली?" वनिताने विचारलं. मी छताकडे पाहिलं. एक वाजला. सांगलीत कुणी वाट पाहत असेल या विचाराने मला खरंच फार वाईट वाटलं.

गणपती बसले त्या दिवशी गोरखने उंदीर पोचवायचं काम माझ्यावर टाकलं. मांडीवर उंदीर घेऊन, शेजारी वनिता, असे आम्ही दुपारी गागोद्याला पोचलो. गणपतीसमोर, उंदराच्या जागी, माझा संगणक! कीबोर्डवर जास्वंद, पडद्याला हळदकुंकू. लोक नमस्कार करत होते. वनितानेही हात जोडले. मंडळाचे अध्यक्ष हैबतराव कौतुकाने सांगत होते, "पेनच्या जनूने घडवलाय. काम चोख हाय, पन खऱ्यावानी नाय वाटत."

मला राहवेना. "अहो, खराच आहे तो! माझा आहे! परवाच्या शनिवारी त्याच्यावरून मी सांगलीच्या बोर्डावर गेलो होतो!"

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. हैबतरावांनी वनिताला हळूच विचारलं, "ताई, चालायचा का वो खरंच?"

वनिताचे हात अजून जोडलेलेच होते. देवासमोर ती खोटं बोलत नाही.

"मी तरी कधी चालू बघितला नाही," ती म्हणाली.

हैबतरावांनी समजुतीने मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, उनातून आलाव, जरा टेका. आन तो उंदीर ठेवा आता खाली."