घोडागाडी पुन्हा नदीत

व्हिडिओ गेममध्ये माझ्या हातून पाप होत नाही! याला कारण माझा सद्गुण नव्हे, माझी पद्धत. धर्मसंकटाचा प्रसंग आला, की आधी गेम सेव्ह करायचा. एक पर्याय निवडायचा, परिणाम बघायचा, मागे यायचं, दुसरा निवडायचा. भौतिकशास्त्राची पदवी घेताना एवढं तरी शिकलेच होते. त्यामुळे या गेममधल्या प्रत्येक निर्णयाचे दोन्ही परिणाम मला तोंडपाठ होते.

त्या रविवारी दुपारी मी खेळत होते आणि मागे बाबांची शिलाई मशीन चालू होती. बाबा शिंपी आहेत. माझ्या पडद्याकडे ते सहसा बघतही नाहीत. पण गेममधली गिरणीवाल्याची बायको आजारी पडली आणि मशीनचा आवाज थांबला. पडद्यावर प्रश्न होता: हिला शहरातल्या शल्यवैद्याकडे न्यायचं, की घरीच ठेवायचं? शस्त्रक्रियेत ती दगावूही शकते.

तोंडातल्या टाचण्या काढून बाबा म्हणाले, "घरी ठेव."

गेल्या वर्षी आईच्या वेळी डॉक्टरांनी हेच विचारलं होतं. बाबांनी हेच उत्तर दिलं होतं. आई घरीच गेली.

मी हिलाही घरीच ठेवलं. ती गेली. गिरणी बंद पडली, गिरणीवाला दारात बसून राहिला. मी चहा करायला उठले, तर बाबा म्हणाले, मागे जाता येतं ना तुझ्या या खेळात? मग ने तिला शहरात.

आता आली पंचाईत. कारण शहरात ती वाचते! आणि बाबांनी ते बघू नये, एवढंच मला हवं होतं.

मी म्हटलं, कंट्रोलरचे सेल संपले. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाचे काढून दिले. मी म्हटलं, गेम बिघडलाय. एरवी हटून बसणारा तो गेम नेमका तेव्हा एका झटक्यात सुरू झाला. शेवटी मी बाईंना घोडागाडीत बसवलं आणि पुलापाशी गाडी सरळ नदीत घातली.

बाबा हळहळले. पुन्हा ने म्हणाले. पुन्हा नेली, दरीत पाडली. तिसऱ्या खेपेला रस्ता पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ होता. तरी मी काटकोनात वळून नदी गाठली! घोड्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, असा मला भास झाला.

बाबा उठून माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले. मोजायची टेप गळ्यात तशीच.

"ती वाचते, हो ना?"

"बाबा, ते गेम बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्याचा खऱ्याशी काही..."

"अगं, मला नको शिकवूस. तुझ्या आईचं ते ऑपरेशन मी रोज करून बघतो मनात. कधी वाचते, कधी नाही." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तू ने हिला. एकदा वाचलेली बघू दे."

या वेळी मी मनापासून निघाले. गाडी सावकाश, रस्त्याच्या अगदी मधून. पण डोळ्यांत पाणी साचलं, की प्रकाश वाकडातिकडा आत येतो आणि एकाचे दोन पूल दिसतात. मी नसलेला निवडला.

घोडागाडी पुन्हा नदीत.

वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बाबा बघत राहिले.

"ही मात्र चुकून गेली," ते म्हणाले. "कळलं मला. डोळे पूस आणि परत ने."