बारा नंबरचा कोट

लंडनहून मोठ्या बाई कोट शिवणाऱ्या कंपनीच्या परळच्या कचेरीत यायच्या होत्या, आणि नेमकी त्याच सकाळी कपडे घालून दाखवणारी मुलगी तापाने फणफणली. दीपिकाने तीन महिने खपून भारतीय बायकांसाठी कोट करवून घेतला होता. मापांचा तक्ता मात्र लंडनचाच. कंपनी गोऱ्या साहेबांच्या पलटणींना कोट शिवायची, तेव्हापासून तो चालत आलेला. त्याला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

"काकू, पाच मिनिटं हा कोट घालता का?" चहा घेऊन आलेल्या लक्ष्मीकाकूंना तिने विचारलं. कोट बारा नंबरचा होता, आणि तक्त्याप्रमाणे त्यांची छाती बरोबर बारा नंबरात बसत होती.

काकू चिंचपोकळीच्या चाळीत तीस वर्षं घरी ब्लाउज शिवत आलेल्या. त्यांनी साडीवरच कोट चढवला. बाह्या बोटांवर आल्या, खांदे दंडावर उतरले आणि मधलं बटण काही काजापर्यंत पोचेना. तेवढ्यात लंडनच्या हॅरिएटबाई आत आल्या.

"हिचं अंग तक्त्यात बसत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दुसरी कुणी बघा."

दीपिका काकूंना काय सांगावं याची जुळवाजुळव करत होती.

"कळला माका," काकू म्हणाल्या. "तिका सांग, आंग चुकीचा नाय, कागद चुकीचो आसा."

दीपिका बाईंकडे वळली. "त्या म्हणतात, कोटात थोडा सुधारणेला वाव आहे."

"मी असा नाय म्हटलंय," काकू शांतपणे म्हणाल्या. "इंग्लिश थोडा कळता माका."

मग दीपिकाने खरं ते सांगितलं आणि नोकरी गेली असं मनात धरून उभी राहिली. बाई नुसत्या खुर्ची ओढून बसल्या.

काकूंनी कोट काढला. खांदे उसवले, कडेच्या शिवणीत दडलेलं कापड बाहेर घेतलं, बाह्या दुमडून धावदोरा घातला. मोजायची फीत टेबलावर होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पंधरा मिनिटांनी कोट असा बसला, की तीन महिने संगणकावर घालवलेली दीपिका बघतच राहिली.

"न मोजता?" बाईंनी विचारलं.

"नजरेत माप आसता," काकू म्हणाल्या. "बाईंचो डावो खांदो उतरता. कोट काखेत काचता, म्हणान बटणां उघडी ठेवलीत."

दीपिकाने या खेपेला शब्दाला शब्द सांगितला. बाईंनी उठून दार लावलं आणि स्वतःचा, कंपनीचाच, बारा नंबरचा कोट उतरवला.

"आमच्या घरात हा कुणालाच होत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझी आईसुद्धा उसवूनच घालायची."

"मगे ह्यो तक्तो बसता तरी कोणाक?" काकूंनी विचारलं.

बाईंनी कोट उलटा करून पुन्हा अंगात घातला. काकूंनी दातांत टाचण्या धरल्या.

"हात वर कर, बाय."

दीपिका इंग्रजी शब्द शोधत होती, पण बाईंनी हात केव्हाच वर केले होते.