आबांचे तीन वाढदिवस

समोरच्या फ्लॅटमधल्या आबांचा वाढदिवस वर्षातून तीनदा येत असे. तिन्ही वेळा ते तितक्याच संकोचाने म्हणत, "अहो, या वयात कसलं काय!"

दिवाळीत थोरला अविनाश पुण्याहून यायचा. त्याला आबांनी सांगितलं होतं, "भाताची सोंगणी चालली होती. आई खाचरातून थेट घरी आली आणि मी झालो." धाकटा नितीन नाताळच्या सुट्टीत येई, त्याच्यासाठी आबांच्या जन्मावेळी शेतात हरभरा घाट्यांवर आलेला असे. मे महिन्यात मुलगी शोभा पोरांना घेऊन सुरतेहून येई, तिच्यासाठी आंबे पाडाला लागलेले असत. एकाच माणसाला इतक्या पिकांत जन्मलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. इगतपुरीकडच्या त्यांच्या शाळेत मास्तरांनी दाखल्यावर सरसकट एक जून टाकलेली. त्यामुळे कागदाची अडचण नव्हती. भावंडांत भांडण नव्हतं, फारसं बोलणंही नव्हतं.

माझ्या हातात कायम पुस्तक असतं म्हणून मी त्यांच्या लेखी 'पुस्तकवाले'. पाहुणे यायच्या आधी गच्चीवर गाद्यांना ऊन दाखवून ते माझी बेल वाजवत.

"पुस्तकवाले, उद्या माझा वाढदिवस आहे. माहीत नसल्यासारखं करा."

"आबा, मागच्याच महिन्यात..."

"तो अविनाशचा होता."

माझी पत्नी गेल्यानंतर माझ्याकडे फारसं कुणी येत नसे. केक मात्र वर्षातून तीनदा मिळे.

घोळ उघडा पडला तो पंचाहत्तरीला. अविनाशने दिवाळीत मोठा कार्यक्रम ठरवून बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पंचाहत्तरी मे महिन्यात केली की आम्ही!" मग नितीनला फोन गेला. तो म्हणाला, त्याचं नाताळचं तिकीटसुद्धा काढून झालंय.

त्या दिवाळीत पहिल्यांदाच सगळे एकत्र आले. जिन्यात चपलांचा ढीग झाला. कणकेचे पंचाहत्तर दिवे लावून ओवाळायचं होतं. शोभाताईंनी तबक आबांच्या चेहऱ्यासमोर धरलं आणि हात थांबवला.

"आधी खरं सांगा. भात, हरभरा की आंबे?"

"हे बघ," आबा म्हणाले, "त्या वेळी माझं लक्ष नव्हतं."

घर हसून हसून लोटपोट झालं. नितीन म्हणाला, "आबा, आम्ही चार भावंडं असतो तर पावसाळ्यातही जन्मला असता!" रुसायला कुणालाच फुरसत नव्हती. हसू ओसरल्यावर अविनाश उभा राहिला. "आता घोळ नको. वाढदिवस दरवर्षी दिवाळीतच, सगळ्यांनी एकदम यायचं. मंजूर?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

भाऊबीज झाली आणि गाड्या गेल्या. संध्याकाळी आबा चिवड्याचा डबा घेऊन माझ्याकडे आले.

"पुस्तकवाले, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"ऑगस्टमध्ये."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं. "मे महिन्यात चालेल का?"

"चालेल," मी म्हणालो.

मे महिन्यात त्यांनी माझ्यासमोरच सुरतेला फोन लावला. "अगं, शेजारच्या पुस्तकवाल्यांची साठी आहे. बिचारा एकटा आहे. पोरांना घेऊन ये." शोभाताईंना जमलं नाही. पोरांचा कसला तरी क्लास होता. गाद्यांना मात्र ऊन दाखवून झालं होतं. आबांनी कुंकू शोधून माझ्या कपाळाला लावलं, हातात आंबा दिला आणि "उदंड आयुष्य लाभो" असं अगदी मोठ्याने म्हणाले, जणू आत बरीच माणसं होती.

पुढच्या दिवाळीच्या आतच आबा गेले. मुलांनी फ्लॅट भाड्याने दिला.

यंदा मे महिन्यात मी इस्त्रीचा सदरा घालून दिवसभर घरी होतो. माझा वाढदिवस तसा ऑगस्टमध्ये असतो.