अण्णा पुन्हा रुजू

"दहा मिनिटांचं काम आहे," सोमवारी सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता वैद्यबुवांनी बायकोला सांगितलं. "दुपारी जेवायला घरीच येतो." बायकोने डबा हातात दिला. मागची दहा मिनिटं तीन दिवस चालली होती.

वैद्यबुवा हे ऑफिसातलं टोपणनाव. बंद पडलेल्या यंत्रांची नाडी बघून ते औषध देत. रोगी दगावला तर दोष विजेचा.

या खेपेचा रोगी होता बिल्ड सर्व्हर. अकरा जणांनी लिहिलेला कोड गोळा करायचा, त्याला लागणारे सुटे भाग इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे आणि सगळं जोडून तयार माल पुढे सरकवायचा, हे काम तो दर वीस मिनिटांनी बिनबोभाट करत आला होता. आता कंपनीची फायरवॉल त्याला बाहेर पाऊलच टाकू देईना. माल शुक्रवारी द्यायचा होता. त्याच शुक्रवारी विभागातला एक माणूस कमी होणार होता, आणि ते नाव आपलं नसावं म्हणून वैद्यबुवांना हा रोगी स्वतःच्या हाताने उठवून बसवायचा होता.

कारण अर्ध्या तासात सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटलं. सर्व्हरला बाहेर सोडणारं फायरवॉलमधलं दार अण्णांच्या नावावर होतं. अण्णांनीच हा सर्व्हर उभा केला आणि चार वर्षांपूर्वी ते वारले. दार मात्र उघडंच राहिलं होतं. मागच्या आठवड्यात जुनी खाती पुसून टाकायची मोहीम निघाली, त्यात अण्णांचं खातं गेलं आणि दारही मिटलं. मोहीम वैद्यबुवांचीच, शाबासकीही त्यांनीच घेतली होती.

फायरवॉल तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या ताब्यात. नव्या दाराला समितीची मंजुरी लागते, म्हणजे सहा आठवडे. जुनं दार तासाभरात उघडेल, पण ज्याच्या नावावर आहे तो कामावर हवा, असं बाईंनी मान वर न करता सांगितलं.

"अहो, ते वारले."

"तुमच्या अर्जात तसं नव्हतं. नुसतं 'खातं बंद करा' होतं."

वैद्यबुवा जागेवर आले. खातं पुन्हा सुरू करण्याच्या अर्जात कारणं दोनच होती: 'बाळंतपणाच्या रजेवरून परत' आणि 'पुन्हा रुजू'. त्यातल्या त्यात कमी खोटं त्यांनी निवडलं. तासाभरात सर्व्हर अण्णांच्या नावाने धावू लागला. तो पुन्हा पडेल या धास्तीने वैद्यबुवा त्याच्यासमोरून उठले नाहीत; डबा तिथेच खाल्ला.

मंगळवारी हजेरीच्या यंत्रणेला दिसलं, की पुन्हा रुजू झालेला हा माणूस चार वर्षं फिरकलेलाच नाही. तिने घरी पत्र धाडलं. बुधवारी वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, फोन आला.

"भावजी, हे कामावर का येत नाहीत त्याचं लेखी कारण मागितलंय. काय लिहू?"

घडलेलं सगळं वैद्यबुवांनी भडाभडा सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाले, "तूर्तास प्रकृती बरी नाही म्हणून लिहा."

"तसं ते खोटं नाही," वहिनी म्हणाल्या. "यांचा सर्व्हर चालतोय ना?"

"चालतोय."

"मग लिहिते."

गुरुवारी यंत्रणेने सहानुभूतीपूर्वक विचार करून अण्णांना घरून काम करायची परवानगी दिली.

शुक्रवारी अकराला माल गेला. साडेअकराला साहेबांनी वैद्यबुवांना बोलावलं. साहेब आठ महिन्यांपूर्वी आलेले. अण्णांना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. समोर आठवड्याच्या कामाचा तक्ता होता.

"अण्णांच्या नावावर दोनशे अठ्ठ्याऐंशी कामं," साहेब म्हणाले. "आजारी माणूस, घरून, रात्रंदिवस. तुमच्या नावावर एक. तोही अर्ज."

"साहेब, अण्णा तर..."

"त्यांना यातलं काही कळवू नका. या वयात ताण नको."

वैद्यबुवांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. खरं सांगितलं असतं तरी खोट्या अर्जापायी नोकरी गेलीच असती, वर वहिनींना उत्तरं द्यावी लागली असती.

तिसऱ्या मजल्यावर बाईंनी त्यांचं खातं बंद करायला घेतलं. या खेपेला मात्र त्यांनी मान वर करून विचारलं, "तुमच्या नावावर एखादं दार आहे का?"

"नाही," वैद्यबुवा म्हणाले.

एक वाजता ते भरलेला डबा घेऊन घरी पोचले. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आज खरंच आलात जेवायला?"

"म्हटलं नव्हतं का," बुटाच्या नाड्या सोडत वैद्यबुवा म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे."