एल्मोच्या नावावरची लाल रेघ

सातपूरच्या आमच्या कॉलनीत वाचनालयाची पुस्तकं खराब करणारा माणूस एकच, आणि तोही साठीचा. साळवेकाका. वादळात बोटीच्या डोलकाठीच्या टोकावर विजेचा निळसर उजेड दिसतो, त्याला ‘सेंट एल्मोची आग’ म्हणतात. हे नाव जिथे येईल तिथे काका ‘सेंट’वर लाल पेन्सिलीनं रेघ मारत. मारत कसली, कागद फाडत!

टीव्ही घरोघरी यायच्या आधीचे ते दिवस. पुस्तकांना मोल होतं आणि मी वाचनालयाचा चिटणीस. नव्याकोऱ्या विज्ञानाच्या पुस्तकाची ती दशा पाहून माझं डोकंच फिरलं. सभासदत्व रद्द केल्याचं पत्र खिशात घालून तडक त्यांच्या घरी गेलो.

काका एकटे राहत. वीस वर्षं मालवाहू बोटीवर खलाशी, नंतर इथल्या कारखान्यात वॉचमन. पुढाऱ्यानं रस्ता केला म्हणा, साहेबानं मशीन दुरुस्त केलं म्हणा, काकांचा एकच सवाल: “हजर होता का तो?”

त्यांनी मलाच झापलं. “कोण हो हा एल्मो? इरॅस्मस नावाचा बिशप! शेजारी वीज पडली तरी प्रवचन करत राहिला म्हणे. यात काय लय मोठं? आपले पुढारी तरी कुठं थांबतात? तिकडच्या दर्यावर्दींनी त्याला वाली केला, नावाचं एल्मो केलं. उजेड दिसला की म्हणायचं, संत आला, आता भ्यायचं नाय!”

“म्हणून पुस्तकं फाडायची?” मीही आवाज चढवला.

“फाडायची! आमच्या फ्रान्सिसला फसवलं त्यानं!”

फ्रान्सिस म्हणजे बोटीवरचा त्यांचा गोव्याचा दोस्त. वादळात दोघांनी कमरेला दोर बांधून ते कठड्याला अडकवले होते. वर निळा उजेड दिसला. फ्रान्सिसनं छातीवर क्रूस केला, “साळवे, संत आला,” म्हणत हसला आणि आपला दोर सोडला. पुढच्या लाटेनं त्याला नेलं.

“किती विश्वासानं सोडला दोर! हजर होता का तो?”

खिशातलं पत्र मी तिथेच चुरगळलं.

दिवेलागण झाली होती. काका वंदनेला उठले. बुद्धमूर्तीपुढे त्यांनी मेणबत्ती लावली. दुसरी फ्रान्सिसच्या नावाची. मग चडफडत तिसरी लावली.

“ही कोणाची?”

“त्या एल्मोची,” काका खेकसले. “मला नाय पटत तो. पण फ्रान्सिसचा होता ना. नाय लावली तर त्याला वाईट वाटंल.”