कान बुजवून ऐकायची गिटार

नागोराव कंडक्टरच्या घरी गेलं की तो आधी पाणी देत नाही, कापूस देतो. दोन्ही कानांत घालायचा, तोही गच्च. मग समोर बसून गिटार वाजवतो आणि विचारतो, "कसा आला आवाज?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण सोनपेठात आमच्या भजनाचा पखवाज मीच लावतो आणि त्याला कणीक किती लावायची हे मला कुणाला विचारावं लागत नाही. कान बुजवून आवाजाची पारख करायला सांगणारा माणूस सरळ नसणार, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

नागोराव जन्मभर सोनपेठ-परभणी गाडीवर कंडक्टर होता. नोकरी सुटली, पण तोंडातून गाडी उतरली नाही. दारात आलेल्या माणसाला तो 'या' म्हणत नाही, 'आत सरका' म्हणतो. चहाचा कप रिकामा झाला की 'चला, सुटली' म्हणतो. गिटार वाजवायच्या आधी तिच्या पोटावर दोन टिचक्या मारतो. ही त्याची डबल बेल.

हे वाद्य तो तरुणपणी परभणीत लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या कुणाकडून शिकला. गेल्या उन्हाळ्यात त्याची जुनी गिटार पत्र्याखाली ठेवून ठेवून तडकली. त्याच्या मेहुण्याचं परभणीला वाद्यांचं दुकान आहे. त्यानं तीन गिटारी धाडल्या आणि सांगितलं, सोमवारपर्यंत वाजवून बघा, एक ठेवा, दोन परत करा.

तेव्हापासून नागोराव गल्लीतल्या ज्याला त्याला धरून आत नेत होता. "एकच घ्यायचीय बगा. ही चुकली तर माझं सगळंच चुकलं," असं म्हणायचा. गिटार चुकली तर सगळंच कसं चुकेल? मला शंका आली.

दुसरी शंका त्याच्या बायकोवरून. शेवंताबाई आधी रोज ओट्यावर बसायच्या. दिवाळीपासून दिसेनात. आमच्या मंडळींनी, म्हणजे गिरजानं, विरजणासाठी भिंतीवरून दोनदा हाक मारली. समोर अंगणात उभ्या होत्या, पण वळून बघितलं नाही.

"मिजास आली असंल," गिरजा म्हणाली.

"मिजास न्हाई. काई तरी लपवायलेत," मी म्हणालो. "कापूस कामून घालायलाय सांग बरं? घरातलं बोलणं भायेरच्याला ऐकू येऊ नाई म्हणून."

"तुमाला दुसरा उद्योग न्हाई का?"

"जाऊनच बगतो."

"जावा. येताना विरजण आणा."

मी गेलो. "आबा, आत सरका," नागोराव म्हणाला आणि कापसाचे दोन बोळे हातावर ठेवले. मला चहा सांगायला तो आत गेला, तेवढ्यात मी मोबाइलची बॅटरी लावून काळ्या गिटारीच्या भोकात डोकावलो. आत लाकडाच्या पट्ट्या, डिंकाचे ओघळ आणि एक मेलेलं झुरळ. दुसऱ्या दोघींत झुरळही नव्हतं. आता आत काही सापडलं नाही म्हणून माणसाचा संशय जातो असं थोडंच आहे. माझा तर वाढला.

तो परत आला. मी कापूस घातला. मग आम्ही दोघेही वरडूनच बोलायला लागलो.

पहिली पिवळी. चकचकीत, कमरेत बारीक, पोलादी तारांची. त्यानं डबल बेल दिली आणि वाजवली. कापसातूनही मला किणकिण आली.

"ही बेस हाय," मी म्हणालो.

"आबा, हिचा आवाज दारात लटकून येतो. वाऱ्यासंगं उडून जातो. आत येऊन बसतच न्हाई."

दुसरीला नायलॉनच्या तारा. आवाज गोड, साईसारखा. पण तिची मान रुंद. नागोरावची बोटं आता वाकडी झालेली, ती पलीकडच्या तारेपर्यंत पोचेनात.

"ही म्हातारी बाई हाय," तो म्हणाला. "चढती नीट, पण पुढच्याच स्टापला उतरती. थांबत न्हाई."

तिसरी काळी, मोठ्या पोटाची, आमच्या रांजणासारखी. तिचा आवाज कानाला कमी आला, मांडीला जास्त. नागोरावनं माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला. तार सुटली की तळहाताखाली लाकूड घुमायचं.

"ही शेवटच्या शिटापर्यंत जाती का, सांगा."

"ही घुमती नुसती," मी म्हणालो. "ह्यात स्वर कुठाय? पिवळी ठेव."

"कापूस घालून सांगायलाव का आठवणीतून?"

"माझ्या कानाची परीक्षा घ्यायलास का तू?"

"पुन्यांदा ऐका. पिवळी ऐकू येती का?"

"न्हाई येत जास्त. कापूस काढतो, मंग येती."

"कापूस काढायचा न्हाई."

आता माझंही डोकं फिरलं. भजनातल्या माणसाला बोलावून त्याचे कान बुजवायचे आणि वर त्याचंच चुकतं म्हणायचं. मी उठलो. "मंग आमाला कामून बोलावलंस? एखादं बहिरं आणून बसव की समोर."

नागोरावनं गिटार खाली ठेवली. वरडून बोलणारा माणूस एकदम हळू बोलला, म्हणून मीच कापूस काढला.

"बहिरंच हाय की ओ घरात," तो म्हणाला.

शेवंताबाईंचे कान दोन वर्षांपासून चालले होते. परभणीला दाखवलं, मशीन लावलं. मशीननं डोक्यात भांडी पडल्यासारखी वाटतात म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. जाड आवाज थोडा येतो, बारीक येतच नाही. हे कुणाला सांगायचं नाही असं त्यांनीच त्याला बजावलं होतं.

"सांगितलं तर लोक वरडून बोलतेत, आबा. तिला वाटतंय समदे भांडायलेत."

"मंग गिटार कशाला? तिला काय ऐकू येणार हाय?"

त्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो. "शेवटची गाडी लावून आलो की मी वाजवायचो, ती सुपात काई तरी निवडत बसायची. छान म्हणली न्हाई कदीच. पर माझं बोट चुकलं की तिचा हात थांबायचा. तेवढंच. आता मी मुद्दाम चुकतो, आबा. तिचा हात चालूच ऱ्हातो."

मी खाली बसलो. कापसाचे बोळे खिशात घातले आणि म्हणालो, "तरी पिवळीच चांगली हाय."

शेवंताबाई चहा घेऊन आल्या. मला बघून पदर सारखा केला आणि लाकडी दिवाणावर बसल्या. सूप मांडीवर घेतलं. तुरीची डाळ होती. त्या खडे वेचायला लागल्या.

नागोरावनं माझ्याकडे बघितलं आणि पिवळी उचलली. वाजवली, मधेच चुकला. ते मला स्पष्ट कळलं, इतकं वाईट चुकला. शेवंताबाईंची बोटं डाळीतून फिरतच राहिली. नायलॉनवालीवर चुकला. बोटं फिरतच राहिली. एक खडा त्यांनी दारातून बाहेर टाकला.

मग काळी. आपल्या खुर्चीवर न बसता तो दिवाणावर, त्यांच्या शेजारी बसला. गिटारीचं बूड दिवाणाच्या फळीला टेकवलं. टिचक्या मारायला तो विसरला. वाजवत गेला, सावकाश, जाड तारांवरून. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, सुपाकडे बघत होतो. त्यानं बोट चुकीच्या तारेवर टाकलं.

सुपातला हात थांबला.

शेवंताबाईंनी आधी फळीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. बऱ्याच दिवसांत न बोललेल्या माणसासारखा त्यांचा आवाज जरा मोठाच निघाला. "तिथं न्हाई," त्या म्हणाल्या. "वरच्या तारंवर."

नागोरावनं मान खाली घातली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लागला.

सोमवारच्या गाडीनं दोन गिटारी परभणीला परत गेल्या. पिवळी त्यातली सगळ्यांत चांगली होती, हे माझं मत मी बदललेलं नाही आणि कुणी विचारलं तर चारचौघांत सांगेन. मात्र त्या दिवशी मी ते पुन्हा बोललो नाही. विरजण न मागताच चप्पल पायात घातली आणि निघालो. तोवर तो त्याच जागेवर परत चुकला होता. त्या म्हणत होत्या, "आवं, वरच्या." तो मान हलवून हो म्हणत होता आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच चुकत होता.