नंदूचा कोंडवाडा

आमचा नंदू तीन महिन्यांचा होऊन माझ्या माहेराहून घरी आला, त्या दिवशी शेजारच्या तात्यांनी त्याला दोन्ही तळव्यांवर घेतलं, दोनदा वर-खाली केलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "पाच किलो. पन ओलं धरून."

लंगोट कोरडा होता. मी तसं सांगितलं.

"कशावरून?" तात्या म्हणाले आणि त्यांनी स्वतः हात लावून बघितला. मग "बरं, कोरडं तर कोरडं," असं पुटपुटत पोर माझ्याकडे दिलं. पण आमच्या घरात काहीतरी पाणी मुरतंय हा संशय काही त्यांच्या चेहऱ्यावरून गेला नाही.

तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. कोपरगावच्या बाजूला आमची वसाहत होती, आणि त्यांची नि आमची खोली एकाच भिंतीला लागून. वीस-बावीस हंगाम त्यांनी उसाच्या गाड्या तोलण्यात काढले होते. गाडीवान हळूच एक पाय काट्याच्या फळीवर ठेवतो, मोळीत दगड निघतो, कुणी रस्त्यात ऊस भिजवून आणतो, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि जे पाहिलं नव्हतं तेही चाललेलं असणारच याची त्यांना खात्री होती. "आमी काट्यावरचं मानूस," ते म्हणायचे, "आमाला डोळ्यानं दिसतं ते पुरत न्हाई."

एवढं काट्यावर ठीक होतं हो, पण हा माणूस काटा घरी घेऊन यायचा. कुणी पेढा दिला तर मोडून आत बघायचे. कुणी जेवायला बोलावलं तर "आजच का?" म्हणून विचारायचे. आमच्या ह्यांच्या साहेबांचे वडील वारले, तेव्हा बातमी घेऊन आलेल्या शिपायाला तात्यांनी दारातच "कशावरून?" विचारलं. शिपाई बिचारा अजून सांगतो. वसाहतीत त्यांच्या माघारी त्यांचं नावच कशावरूनतात्या पडलं होतं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. हंगाम चालू असला की काट्यावर दिवसरात्र माणसांचा गराडा, पण मे महिन्यात कारखाना बंद पडला की तात्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बारीक डोळ्यांनी बघत राहायचे.

आणि नेमक्या त्याच मे महिन्यात मला नंदूला कॉटवर झोपायला शिकवायचं होतं.

त्याचं असं झालं. मी वसाहतीच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. बाळंतपणाची रजा जूनमध्ये शाळा उघडली की संपत होती. नंदू झोपायचा तो झोळीत, वरच्या आकड्याला टांगलेल्या, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत, आणि तेही कुणीतरी दोरी ओढत असेल तरच. गाढ झोप लागण्याआधी दोरी थांबली की ह्याचे डोळे टक्क उघडे. दोन महिने सासूबाईंनी ओढली, मग पेरणीआधीची कामं म्हणून त्या संगमनेरकडे गावी गेल्या. ह्यांनी एका रविवारी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पेपर वाचला, तर अंगठा सुजला. शाळेच्या वेळात नंदूला सांभाळायला पलीकडच्या हिराबाई तयार होत्या, पण त्यांनी रोखठोक सांगितलं, "बाई, माजी सोताची चार हायेत. जागा झाला तर दूध पाजीन, खेळवीन. पन दोरी वडत बसायची न्हाई."

म्हणजे पोरगं आपलं आपण झोपायला शिकलं तर माझी नोकरी राहणार, नाहीतर गेली. नोकरीसाठी मी काय काय करून पास झाले होते ते माझं मला माहीत.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला रीत सांगितली. बाळ जागं असतानाच कॉटवर ठेवायचं, थोपटायचं, आणि नजरेआड व्हायचं. थोडं कुरकुरलं तर कुरकुरू द्यायचं. आठ-पंधरा दिवसांत सवय होते. ह्यांनी कारखान्याच्या सुताराकडून चारी बाजूंनी कठडे असलेली छान सागवानी कॉट करून घेतली.

कॉट दारात उतरली आणि तात्या उठले. त्यांनी आधी ती हलवून बघितली. मग गजांमधून एक आंबा आरपार जातो का ते बघितलं. मग सांध्यांमध्ये ढेकूण असणार म्हणून घरातून उकळतं पाणी आणून ओतलं. नव्या लाकडात ढेकूण कुठून येतील म्हटलं, तर म्हणाले, "सुताराकडून." शेवटी कमरेवर हात ठेवून त्यांनी कॉटीकडे पाहिलं आणि विचारलं, "चारी बाजूंनी गज. पोराचा गुन्हा काय?"

तेव्हापासून त्यांनी कॉटीला कोंडवाडा म्हणायला सुरुवात केली. नर्सबाईंची रीत मी त्यांना सांगितली, तर म्हणाले, "त्या बाईला पोरं किती?"

"लग्न व्हायचंय अजून."

"मग कशावरून सांगती?"

मी नाद सोडला. रोज सकाळी नऊला नंदूला कॉटवर ठेवायचं, थोपटायचं आणि धुण्याची बादली घेऊन टाकीवर जायचं असं मी ठरवलं. नजरेआड व्हायचं म्हणजे घरात राहून जमलं नसतं, मी दोन मिनिटांत पाघळले असते. जाताना ओट्यावरच्या तात्यांना म्हणायची, "जरा कान ठेवा हं तात्या. फारच रडला तर हाक मारा." ते मान डोलवायचे.

पहिल्याच दिवशी चमत्कार झाला. तासाभरानं आले तर नंदू कॉटवर गाढ झोपलेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी ह्यांना म्हटलं, बघा, नर्सबाईंची रीत. पण दुपारी त्याच कॉटवर त्याला ठेवलं की असा टाहो फोडायचा की वसाहतीतली कुत्री उभी राहायची. सकाळी देवमाणूस, दुपारी राक्षस. आठ दिवस झाले, दहा झाले, फरक शून्य.

मग माझंच डोकं फिरलं. तात्यांच्या शेजारी राहून मलाही त्यांची लागण झाली असणार. दुपारी ऊन कॉटवर येतं म्हणून मी कॉट हलवली. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी. एकदा तात्यांनाच विचारलं, "सकाळी हा एवढा गप्प कसा हो झोपतो?"

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "अफू तर न्हाई देत कोन?"

पूर्वी बाळगुटीत अफूचा कण घालायचे हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी नंदूचं तोंड हुंगलं, सासूबाईंनी ठेवलेली गुटीची डबी मोरीत रिकामी केली, आणि हिराबाई त्याला उचलायला आल्या तेव्हा त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. त्या चांगल्या बाईला ते कळलं असणार. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शाळा उघडायला आठ दिवस उरले होते आणि ज्यांच्याकडे पोर ठेवायचं त्यांच्यावरच मी संशय घेत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी गेलं. मी दहाच मिनिटांत परत आले. तात्या ओट्यावर नव्हते. घरात डोकावले तर कॉटवर नंदू भिंतीकडे तोंड करून शांत झोपलेला, टोपडं घातलेलं, दुलई गळ्यापर्यंत. मला एवढं बरं वाटलं. जवळ गेले नाही, चाहूल लागली असती. चपला काढल्या, भांड्यांना हात लावला नाही, दारावर आलेल्या बोहारणीला हातानंच परत पाठवलं. हे त्या दिवशी लवकर, दहालाच जेवायला आले, त्यांना मी खुणेनं भाकरी दिली आणि कांदा फोडायला बाहेर पाठवलं. हेही कॉटीकडे बघून हसले आणि दाराबाहेर उभे राहून जेवले.

मध्येच तात्या दारात आले. कपाळावर घाम. "बाई, टाकीवर पानी आलं म्हनत्यात. जाऊन बगता का?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

ते गेले. पाच मिनिटांनी पुन्हा आले. "पोस्टमन तुमचं नाव घेत हुता. चौकात."

या माणसाला मला घराबाहेर का काढायचंय? मी बारीक डोळे करून त्यांच्याकडे बघितलं, अगदी त्यांच्यासारखंच. ते खाली बघत निघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना काही सुचेना. नुसतेच उभे राहिले.

आणि तेवढ्यात नंदू रडला. भिंतीपलीकडून. तात्यांच्या घरातून.

मी कॉटीकडे पाहिलं. टोपडं जागच्या जागी होतं. दुलई ओढली तर आत वरवंटा. काळा, गुळगुळीत, नंदूच्या टोपड्यात निजवलेला. बारशाला टोपडं घालून आधी पाळण्यात ठेवतात तसा. एक तास मी एका वरवंट्याची झोप मोडू नये म्हणून माझ्या नवऱ्याला उन्हात जेवायला लावलं होतं.

तात्यांच्या घरात आजवर मी कधी गेले नव्हते. आत आकड्याला झोळी टांगलेली होती. हिरवं, जरीकाठाचं, घडी मोडलेलं नऊवारी. त्यांच्या बायकोचं. झोळीत नंदू पाय झाडत होता.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," तात्या म्हणाले. "तुमी टाकीकडं वळला की आनायचा, आन् तुमी यायच्या आत निजलेला परत ठिवायचा. कोंडवाडा रिकामा ठिवू नये म्हनून वरवंटा."

"आणि अफूचं काय बोललात? हिराबाईंवर मी संशय घेतला, तात्या."

त्यांनी मान खाली घातली. मला संताप आवरेना. मी म्हटलं, "सात दिवसांनी शाळा उघडते. हा झोपायला शिकला नाही तर माझी नोकरी जाते. तुम्हाला ठाऊक होतं."

"म्हंजी ते नोकरीचं खरं हाय?" तात्यांनी मान वर केली. "मला वाटलं, नुस्तं म्हनायचं म्हनून म्हनताय."

कपाळावर हात मारायचा का रडायचं, मला कळेना. नंदूला उचलून मी दाराकडे निघाले, तेव्हा ते मागून हळूच बोलले.

"त्यो रडत हुता बाई. मला न्हाई ऐकवलं. भिंतीतून समदं ऐकू येतं. सा वर्सं ह्या घरात कुनी रडलं न्हाई का हसलं न्हाई. मी दोरी धरली आन् ते निजलं. माज्या हातानं." मग म्हणाले, "एकदा का ते आपलं आपलं निजाया शिकलं, का मग त्याला कोन लागतंय?"

राग गेला नव्हता, पण त्याला आता जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तात्या स्वतः आमच्या घरी आले. झोळी काढून घडी घालून ट्रंकेत ठेवली, म्हणाले. कॉटीशेजारी पाट मांडून बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "हात मोकळं असलं का जात्यात," म्हणाले. मला टाकीवर पाठवलं. रोज तसंच. नंदू रडायचा, तात्या हलायचे नाहीत. मी दारातून चोरून बघायची. नंदू रडताना त्यांचा चेहरा इतका ओढलेला असायचा की एकदा मीच म्हटलं, जाऊ द्या तात्या, घ्या त्याला. त्यांनी मान हलवली. "बाईंची नोकरी हाय," नंदूला समजावल्यासारखं म्हणाले.

सहाव्या दिवशी नंदूनं थोडी कुरकुर केली, मूठ तोंडात घातली आणि डोळे मिटले. तात्यांनी वाकून त्याच्या नाकाखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग उठले. मी चहा टाकला होता, पण ते थांबले नाहीत.

हिराबाईंची मी माफी मागितली. त्या हसल्या नाहीत, पण शाळा उघडली त्या दिवशी नंदूला घ्यायला दारात आल्या. कॉट त्यांच्या घरी हलवली. मी वर्गावर गेले. साडेअकराला पळत आले तर नंदू दोन तास झोपून उठून खेळत होता. एकदाही रडला नव्हता. माझी नोकरी राहिली. आनंदानं मला हिराबाईंच्या चुलीपुढेच बसावंसं वाटलं.

"तात्या तीनदा येऊन गेलं," हिराबाई म्हणाल्या. "रडला का, रडला का, इचारत हुतं. म्या म्हनलं, न्हाई बा, गप झोपलाय. खरं त्येच सांगितलं. लई हळूहळू गेलं परत."

मी ओट्यावर आले. तात्या पायरीवर बसले होते, रस्त्याकडे न बघता. परत जाऊन मी हिराबाईंना सांगितलं, "उद्या आले तर सांगा, थोडा रडला म्हणून."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी लांबूनच पाहिलं. हिराबाई दारात उभ्या राहून तात्यांना सांगत होत्या, "व्हय, आज रडला बाई जरा. तुमच्या घराकडं बगत हुता." ही शेवटची भर त्यांची स्वतःची होती.

तात्यांनी मान डोलवली. उपरण्यानं चेहरा पुसला.

"रडनारच," ते म्हणाले. "सवय हाय त्याला माजी."